अण्णाभाऊ नेमके कोणाचे? १ ऑगस्टच्या भाषणासाठी विचारतेय

वारणाकाठची:

नमस्कार मंडळी. आमच्या गावात १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंती जोरात असते. यंदा मंडळानं बोलायला मला सांगितलंय. मी मराठीत एम. ए. करतेय, त्यामुळे "वाचलेलं माणूस तूच, तूच बोल" असं म्हणून सगळे मोकळे झाले.

भाषणाआधी वाद पेटलाय तो स्टेजमागच्या फ्लेक्सवरून. एका गटाला लाल रंग आणि नावाआधी 'कॉम्रेड' हवं. दुसऱ्यांना निळा रंग, शेजारी बाबासाहेब आणि खाली "जग बदल घालुनी घाव". तिसऱ्यांचं म्हणणं, पिवळा रंग आणि लहुजी वस्ताद साळवे नसतील तर आम्ही येणारच नाही, अण्णाभाऊ आधी आमच्या मातंग समाजाचे. चौथा गट फ्लेक्सचा सगळा खर्च उचलायला तयार आहे, पण रंग भगवा आणि मजकूर 'राष्ट्रभक्त साहित्यरत्न'. माझा चुलत भाऊ एका गटात, मामा दुसऱ्या गटात. घरात जेवतानासुद्धा हाच विषय.

"अण्णाभाऊ सर्वांचे होते" एवढं बोलून मला खाली बसायचं नाही. त्यांच्या लिखाणातूनच याचं काही उत्तर निघतं का? 'फकिरा' आणि काही कथा वाचल्यात. गाणी ऐकून माहीत आहेत, पूर्ण वाचलेली नाहीत.

झीलकरी:

वारणाकाठची, "सर्वांचे होते" म्हणून बसायचं नाही हे तुम्ही ठरवलंत याचा मला आनंद झाला. मी तरुणपणी कलापथकात झील धरायला (मुख्य गायकामागे सुरात साथ द्यायला) उभा राहायचो, पुढे नोकरीभर शाळेत मराठी शिकवलं. अण्णाभाऊ मला आधी गळ्यातून कळले आणि पुस्तकातून नंतर, म्हणून गाण्यापासूनच सुरुवात करतो.

"जग बदल" हे गाणं पूर्ण म्हणा. बहुतेक ठिकाणी ध्रुपद आणि गुलामगिरीच्या चिखलात रुतलेल्या ऐरावताचं कडवं एवढंच म्हणतात. त्याच्या पुढच्या कडव्यात दोन ओळी लागोपाठ येतात: "धनवंतांनी अखंड पिळले, धर्मांधांनी तसेच छळले." त्यातला 'तसेच' महत्त्वाचा. दोन्ही जुलूम त्यांनी एकाच मापाने मोजले, एक आधी आणि दुसरा सवडीने असं केलं नाही. शेवटच्या कडव्यात एकजुटीचा रथ येतो आणि "नव महाराष्ट्र निर्मून जगती" येतं, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा लढा. तुमच्या गावातले लाल, निळे आणि मराठी अस्मितेवाले तिघेही या एकाच गाण्यात आहेत. प्रत्येकजण आपल्या कडव्यापाशी थांबतो, म्हणून भांडण होतं.

आता एकेकाचा हक्क तपासू.

लालवाल्यांचा हक्क कागदावर सर्वांत जुना. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं, त्यात अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. त्याच्या आधी १९४३ मध्ये स्टालिनग्राडचा पोवाडा. १९६१ मध्ये ते रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. मुंबई सरकारनं पथकावर बंदी घातली ती लाल होतं म्हणूनच. हे सगळं पुसून अण्णाभाऊ उरत नाहीत. पण लालवाल्यांनीही एक गोष्ट मोठ्यानं वाचली पाहिजे. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब पडले. राखीव जागेचं मत कुजवा, म्हणजे कोणालाही न देता वाया घालवा, असा कम्युनिस्टांनी प्रचार केला, ही जखम आंबेडकरी समाजात फार खोल होती. त्या निवडणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी अर्जसुद्धा केला होता. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९५९ मध्ये, लाल बावट्याचा हा शाहीर आपली सर्वांत मोठी कादंबरी 'फकिरा' बाबासाहेबांच्या 'झुंजार लेखणीस' अर्पण करतो. आज ती अर्पणपत्रिका साधी वाटते. त्या दिवसांत ती लिहायला छाती लागत होती. दोन छावण्यांमधलं भांडण ताजं असताना त्यांनी दोघांपैकी कोणालाही सोडलं नाही. तुमच्या भाषणाचा गाभा मला इथे दिसतो.

निळ्यांचा हक्क या अर्पणपत्रिकेवर आणि गाण्यावर उभा आहे, शिवाय १९५८ च्या मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनावर. त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरली नसून दलितांच्या तळहातावर तरली आहे, हे त्यांचं वाक्य तिथलंच. लोक ते फ्लेक्सवर घेतात. त्याच भाषणात कष्टकरी माणूस, कामगार, शेतमजूर यांच्याबद्दल ते जे बोलतात ते मात्र मागे राहतं.

भगव्यांना सरसकट हाकलू नका. त्यांच्याकडेही दाखवण्यासारखं आहे. अण्णाभाऊंनी तमाशाच्या सुरुवातीच्या गणाच्या जागी "प्रथम मायभूच्या चरणा, छत्रपती शिवबा चरणा" हे वंदन आणलं. मायभू आली, शिवबा आले, हे खरं. फक्त ते कोणाच्या जागी आले हेही सांगायला हवं: गणपतीच्या. परंपरेतला पहिला मान त्यांनी देवाकडून काढून भूमीला आणि माणसाला दिला. 'फकिरा'तले विष्णुपंत कुलकर्णी दुष्काळात मांगवाड्याच्या बाजूनं उभे राहतात, हेही त्यांनी मनापासून लिहिलंय, कारण माणूस जातीवरून वाईट ठरवायचा नाही हा त्यांचा पिंड. मग 'धर्मांधांनी तसेच छळले' ही ओळ भगव्या फ्लेक्सखाली उभं राहून म्हणायची तयारी आहे का, एवढंच विचारा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं. मला त्याचा अभिमान आहे. पण हा माणूस मॉस्कोपर्यंत पोचला कशामुळे, हे न सांगता तो पुतळा समजावून देता येणार नाही.

आणि एक गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचते. लाल बावट्यात तिघे एकाच स्टेजवर एकच गाणं गायचे. अमर शेख १९६९ मध्येच गेले, अण्णाभाऊंच्या मागोमाग, महिना-दीड महिन्यात. त्यांचा आवाज ज्यांनी ऐकला ते म्हणतात की शिवाजी पार्कला माईक लागत नसे. बार्शीच्या या शाहिराच्या नावावर इतके फ्लेक्स का लागत नाहीत? गवाणकरांच्या जयंतीला रंगावरून मारामारी का होत नाही? काव्यावर हक्क सांगायचा असता तर तिघांवरही सांगितला असता. हक्क सांगितला जातो तो ज्याच्या मागे मतं मोजता येतात त्याच्यावर.

कोऱ्या पाटीवर:

झीलकरी सर, तुमचं बरंच पटलं, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. ते तसंच सोडलं तर वारणाकाठचीच्या भाषणात आमच्यावर अन्याय होईल.

मी मातंग घरातली. माझ्या आजोळी घरात पुस्तक एकही नव्हतं, पण अण्णाभाऊंचा फोटो होता, दरवाजाच्या वर, हार घातलेला. आजीला वाचता येत नव्हतं. 'फकिरा'ची गोष्ट तिला तोंडपाठ होती, फकिराचा बाप राणोजी जत्रेचा मान असलेली जोगणी आणतो तिथपासून. मोठ्या साहित्याच्या चर्चेत अण्णाभाऊंचं नाव घ्यायला लोक बिचकायचे, त्या काळात त्यांना वस्तीनं जिवंत ठेवलं. वर्गणी काढून, ट्रकवर फोटो ठेवून, डफडं वाजवून. त्याला 'मतांची मोजणी' म्हणू नका.

पक्षांचा हिशेब वेगळा, तो मलाही दिसतो. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींमध्ये संख्येनं आम्ही दुसऱ्या क्रमांकावर. बौद्ध समाजाचं राजकारण एका बाजूला गेलं की आमच्याकडे लक्ष जातं. १९८५ मध्ये त्यांच्या नावानं विकास महामंडळ निघालं. १ ऑगस्ट २०२३ ला तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव वाटेगावला आले आणि भारतरत्नाची मागणी करून गेले, कारण त्यांच्या पक्षाला महाराष्ट्रात पाय रोवायचे होते. १ ऑगस्ट २०२४ ला, नेमक्या जयंतीच्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला (आरक्षणासाठी त्यांचे पोटगट करायला) परवानगी देणारा निकाल दिला, सहा विरुद्ध एक. आमच्या संघटना ही मागणी कितीतरी वर्षं करत होत्या, त्यामुळे त्या दिवशी वस्त्यांमध्ये गुलाल उधळला गेला यात नवल नाही. पण त्यानंतर काही जण अण्णाभाऊंचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा करायला लागले, जणू दोघांमध्ये निवड करायची आहे. ते पाहून माझ्या पोटात तुटतं. "सांगून गेले मला भीमराव" असं ज्यानं लिहिलं, त्याच्या नावानं भीमरावांपासून आम्हाला तोडायचं?

वर्गीकरणाची मागणी न्याय्य आहे, माझं स्वतःचं मत तेच आहे. ती आमच्या नावानं करा, आमच्या शिक्षणाच्या आणि नोकऱ्यांच्या आकड्यांवर करा. अण्णाभाऊंच्या तोंडी ती घालू नका.

तर वारणाकाठची, पिवळ्या फ्लेक्सवाल्यांकडे बोट दाखवताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वस्ती त्यांना आपलं म्हणते तो मायेचा हक्क आहे, त्याला पुरावा मागायचा नसतो. पक्ष त्यांना आपलं म्हणतो तेव्हा पुरावा जरूर मागा.

मध्यरात्रीचा वाचक:

थोडं बाजूचं, पण जवळचं. अमर शेख यांचं नाव निघालं म्हणून. त्यांची मुलगी कवयित्री मलिका अमर शेख, तिचे पती नामदेव ढसाळ. अण्णाभाऊंबद्दल जो प्रश्न आहे तो ढसाळांबद्दल आणखी अवघड होतो, कारण तिथे कवी स्वतःच चालत गेला.

१९७२ ला दलित पँथर ही संघटना, त्याच सुमारास 'गोलपिठा' हा त्यांचा कवितासंग्रह. १९७४ मध्ये पँथर फुटली ती ढसाळ कम्युनिस्टांकडे झुकलेत या आरोपावरून. पुढे आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' हे काव्य. नंतर शिवसेनेशी जवळीक, 'सामना'त स्तंभ, आणि २००६ मध्ये संघाच्या सरसंघचालकांसोबत एका व्यासपीठावर. २०१४ मध्ये ते गेले तेव्हा प्रत्येकाकडे त्यांच्यासोबतचा एक खरा फोटो होता.

म्हणून माझं मत असं, की कवी कोणाच्या स्टेजवर बसला याचा पुरावा कच्चा असतो. भूक, आजार, मैत्री, राग, कशानेही माणूस स्टेजवर जातो. 'गोलपिठा' उघडा आणि बघा ती कोणाला झोपू देते. दावा करणाऱ्यांपैकी एकालाही ती सोयीची नाही. अण्णाभाऊंनाही हीच कसोटी लावा, पक्षाचं कार्ड आणि फोटो बाजूला ठेवून.

झीलकरी:

कोऱ्या पाटीवर, तुमच्या आजीच्या फोटोला माझा नमस्कार. वस्तीचा हक्क आणि पक्षाचा हक्क वेगळा, हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत आणि वारणाकाठचीनं ते तुमच्याच शब्दांत घ्यावं. अमर शेख यांच्याबद्दलचं माझं दुःख पक्षांवर आहे, वर्गणी काढणाऱ्या पोरांवर नाही.

मध्यरात्रीचा वाचक, कार्ड बाजूला ठेवा हे मात्र मी मान्य करणार नाही. ढसाळांचं मला माहीत नाही इतकं, पण अण्णाभाऊंचं लाल असणं गाण्याच्या आत आहे. ते माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत बसून लिहिलं. 'स्मशानातलं सोनं' ही कथा घ्या. खाण बंद पडते, भीमा बेकार होतो, पोट भरायला प्रेतांच्या अंगावरचं सोनं शोधू लागतो, कोल्ह्यांशी झुंजतो, प्रेताच्या जबड्यात बोटं अडकून ती गमावतो. आणि मग कळतं की खाण पुन्हा सुरू होणार आहे. दगड फोडायला लागणारी बोटं तर गेली. ही कथा लिहायला बेकारी म्हणजे काय ते नुसतं पाहून भागत नाही, त्याचं कारण कळावं लागतं. ते कारण त्यांना चळवळीनं शिकवलं.

सत्ता कवीला उचलून धरते तेव्हा काय होतं याचं एक उदाहरण सांगतो, कारण अण्णाभाऊंना ज्या देशाचं आकर्षण होतं तिथलंच आहे. मायाकोव्हस्कीनं १९३० मध्ये आत्महत्या केली. १९३५ मध्ये स्टालिननं त्याला सोव्हिएत युगाचा सर्वश्रेष्ठ कवी ठरवलं. लगेच चौकांना नाव, पुतळे, पाठ्यपुस्तकं. आणि नोकरशाहीची साल काढणारी त्याची नाटकं मात्र स्टालिन असेपर्यंत रंगमंचाबाहेर राहिली. पास्तरनाकनं लिहून ठेवलंय की हा मायाकोव्हस्कीचा दुसरा मृत्यू होता. ही खबरदारी लाल फ्लेक्सवाल्यांनीही घ्यायची आहे. अण्णाभाऊंच्या लोकनाट्यांतलं 'लोकमंत्र्यांचा दौरा' किंवा 'शेटजींचे इलेक्शन' आज कोणत्याही पक्षाच्या जयंतीत लावून बघा, पहिल्या रांगेतले पाहुणे चुळबुळ करतील.

वारणाकाठची:

तुम्हा तिघांचेही आभार. काल रात्री "जग बदल" पूर्ण लिहून काढलं आणि मंडळाच्या बैठकीत वाचलं. शेवटच्या कडव्यापर्यंत खूप जणांनी ते ऐकलंच नव्हतं, माझ्या मामानंसुद्धा. ठरलं असं की फ्लेक्सवर फोटो, नाव, जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव एवढंच, आणि खाली गाण्याची चारही कडवी. पिवळ्या गटाच्या आग्रहाखातर लहुजी वस्तादांचा फोटो आणि निळ्या गटाचा बाबासाहेबांचा फोटो टेबलावर हार घालून. 'राष्ट्रभक्त' आणि 'कॉम्रेड' दोन्ही फ्लेक्सवर नाहीत, पण भाषणात मी रशियाचा प्रवास सांगणार आणि मायभूचं वंदनही. भगव्या गटानं खर्च काढून घेतला. आता वर्गणी होतेय.

दोन शंका राहिल्यात. "माझी मैना" म्हणायची का? आमच्याकडे ती लग्नात ऑर्केस्ट्रात वाजते, लोक शिट्ट्या मारतात. आणि 'फकिरा'तला कुठला भाग वाचू? जोगणीचा सगळ्यांना पाठ आहे.

कोऱ्या पाटीवर:

जोगणी नको, खरंच. सगळे त्यातल्या शौर्यावर थांबतात. हजेरीचा भाग वाचा. सरकारनं अख्ख्या जातीला गुन्हेगार ठरवून बाप्यांना रोज हजेरी द्यायला लावली, ते अण्णाभाऊंनी आतून लिहिलंय. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा काय होता ते दोन वाक्यांत सांगा म्हणजे पोरांना संदर्भ लागेल. फकिरा खजिना का लुटतो ते तिथून कळतं. आणि शक्य असेल तर एखाद्या बाईला वाचायला द्या. आमच्याकडे जयंतीच्या स्टेजवर बाया फक्त ओवाळायला येतात.

झीलकरी:

मैना जरूर म्हणा, पण सगळी. ऑर्केस्ट्रावाले गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाशी सोडतात. ही छक्कड (शाहिरी गाण्याचा एक प्रकार) पुढे मुंबईत शिरते, तिथल्या गर्दीचं, पैशाचं, जगणाऱ्या-मरणाऱ्यांचं वर्णन येतं आणि मग मैनेची ताटातूट ही बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट होते. त्या लढ्यात संयुक्त महाराष्ट्र समितीमध्ये कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि हिंदुत्ववादीही एकत्र होते, हे तिथे एका वाक्यात सांगा. तुमच्या मंडळातल्या चारही गटांचे आजे-पणजे एकाच सभेत बसून ही छक्कड ऐकत होते.

गायनाचं म्हणाल तर शिट्ट्या पहिल्या दोन मिनिटांत येतील, येऊ द्या, चाल तशीच उडती आहे. मुंबईच्या वर्णनाला लय वाढवू नका, तिथे शब्द ऐकू गेले पाहिजेत. ढोलकीवाल्याला आधीच सांगून ठेवा की बेळगाव-कारवारच्या आधी तोडा घ्यायचा नाही, नाहीतर लोकांना गाणं संपलं वाटतं आणि टाळ्यांमध्ये पुढचं सगळं बुडतं. झील धरायला निदान चार गळे घ्या, प्रत्येक गटातला एक. सराव किती दिवस आहे ते कळवा, मी चाल म्हणून पाठवतो.